सुळक्याची सावली

चुळबुळ्याला बसलेला कुणी पाहिला असेल तर त्यानं हात वर करावा. आम्ही तर तीस वर्षं त्याला ओळखतो, पण खुर्ची दिली की हा तिच्या पाठीवर हात टेकून उभा. चहा दिला की कप घेऊन अंगणात फेऱ्या. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं बटण असं पिरगाळायचा, की घरी गेल्यावर बायकोकडून ते पुन्हा शिवून घ्यावं लागायचं. त्याची थोरली बहीण आमची शेजारीण. तिला आमच्या घरांची सगळी ओळ आक्काच म्हणते. ती म्हणायची, "ह्याला पाळण्यात घातला की पाळणा भिंतीपासून दारापर्यंत जायचा. आई सकाळी पाळणा शोधायची."

आणि असल्या गड्याला नोकरी काय मिळावी, तर डोंगराचा फोटो काढायची. वर्षातून एकदा, एकाच जागेवरून, एकाच तारखेला, सकाळी साडेनऊला.

पाणी खात्यात तो फोटोग्राफर होता. तलावाची भिंत, दरवाजे, कालव्याचे पूल, सगळ्याचे फोटो त्यालाच काढावे लागत, पण त्याचा जीव ह्या एका फोटोत. तलावाच्या अलीकडच्या काठाला दगडी खुंटा पुरलेला होता. पलीकडं पाण्याच्या वर तो उतार. उताराच्या माथ्यावरून कालवा जातो, कालव्याच्या वर काळा सुळका उभा आहे, आणि उताराच्या पायथ्याशी आमची चौदा घरांची ओळ. डोंगर हलतो का, झिजतो का, हे कळावं म्हणून खात्यानं ही फोटोंची रीत पाडली होती. फोटो फायलीत जायचा. फाईल कपाटात जायची. कपाट कोण उघडायचं ते देव जाणे.

पाऊस संपला, तलाव काठोकाठ भरला, हवा धुतल्यासारखी झाली, की हा लाकडी कॅमेरा खांद्यावर मारून खुंट्यावर हजर. काळ्या फडक्याखाली डोकं घातलं की मात्र कमाल व्हायची. पाय हलायचे थांबायचे, बोटं थांबायची. मागच्या काचेवर डोंगर उलटा दिसतो, सुळका खाली आणि तलाव वर. तो उलटा डोंगर हा डोळे भरून बघायचा. आक्काच्या दारात उभं राहून आम्ही पाण्यापलीकडं तो काळा ठिपका बघायचो आणि म्हणायचो, बघा, आज हा पाच मिनिटं मेल्यासारखा उभा आहे.

फिल्म काळी-पांढरी. रंगाचं नाव काढलं तर तो पिसाळायचा. रंगीत फोटो निघायला लागून जमाना झाला होता, लग्नात-बारशात सगळीकडं रंगच रंग. पण ह्याचं एकच. "रंग म्हणजे नटवी बाई. आली की सगळे तिच्याकडंच बघणार. डोंगराचं हाड कुठं, उतार कुठं मोडलाय, दगड कुठं उघडा पडलाय, हे बघायचं तर रंग बाजूला काढून ठेवावा लागतो. आणि ती बाजारातली रंगीत फोटो छापायची मशीन! तिला हिरवं जरा जास्तच आवडतं. वाळलेल्या कुरणात गाय सोडली तरी गाय हिरवी काढून देईल."

लोक हसायचे. पण त्याचे फोटो बघितले की गप्प व्हायचे. गवताची पात न् पात, खडीचा खडा न् खडा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत मधे जेवढे म्हणून करडे असतात, ते सगळे त्यानं त्या कागदावर बोलावून बसवलेले. खात्याच्या मोठ्या साहेबांनी ते फोटो फ्रेम करून कचेरीच्या लांब व्हरांड्यात ओळीनं लावले होते. पंचवीस वर्षं, पंचवीस डोंगर. बाहेरगावचे पाहुणे आले की साहेब त्यांना आधी व्हरांड्यातून फिरवून आणायचे.

आता ह्यातली एक गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. ते गुपित नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी, तो नवा नवा लागलेला असताना, त्यानं फोटो नेऊन त्या वेळच्या म्हाताऱ्या साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी चष्मा वर सरकवला. सुळक्याच्या पायाशी उतारावर एक गडद डाग होता. साहेब म्हणाले, "फोटो चांगला आहे. पण सुळक्याची सावली पडलीय. मला जमीन बघायचीय, सावली नको. काढता येईल?"

"येईल की साहेब."

काळ्या खोलीत हे काम सोपं असतं. वरून निगेटिव्हमधून उजेड खालच्या कागदावर पडतो. जेवढा उजेड जास्त, तेवढा कागद काळा. एखादा भाग फार काळा व्हायला नको असेल, तर तेवढ्या भागावर मधेच काहीतरी धरायचं, उजेड अडवायचा, नि सारखं हलवत राहायचं, म्हणजे कड उमटत नाही. सारखं हलवत राहायचं! ह्या गड्याचे हात तर त्याच कामासाठी जन्माला आलेले. त्यानं सायकलच्या चाकाची एक तार घेतली, तिच्या टोकाला जाड पुठ्ठ्याचा पानाच्या आकाराचा तुकडा चिकटवला, आणि डागावर धरून थरथरवला. डाग गेला. स्वच्छ उतार. साहेब खूश. तो त्या तुकड्याला 'पान' म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी पुन्हा सावली. दिवस तोच, वेळ तीच, मग सावली असणारच. पुन्हा पान. काही वर्षांनी जुनं पान पुरेना. डाग पानाच्या खालून डोकावायला लागला. त्याला वाटलं, आपला हात ढिला पडला, किंवा खुंटा एखाद्या बोटानं कलला असेल. त्यानं थोडं मोठं पान कापलं. मग आणखी मोठं. काम नीटनेटकं करायची सवय. जुनी पानं टाकली नाहीत. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं वर्ष घातलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिली. डाग वाढतोय हे हाताला कळत होतं, डोक्याला कळत नव्हतं.

इकडं आमच्या ओळीत आक्का म्हणजे शेळ्यांची बाई. पाच शेळ्या, त्यातली एक लंगडी आणि महाद्वाड. आक्काचं घर ओळीत शेवटचं, उताराला पाठ लावून. गवताची तिला ददात नव्हती. सगळा डोंगर वाळून खापरी झाला तरी तिच्या घराच्या वर एक पट्टा हिरवागार असायचा.

"तुमच्या शेळ्या उन्हाळ्यात कशा काय गुबगुबीत?" आम्ही विचारायचो.

"नशीब लागतं," आक्का म्हणायची. "तुम्ही ओळीच्या मधे घर घेतलंत. घ्यायचं होतं टोकाला."

भाऊ आला की त्यालाही हेच. "अरे चुळबुळ्या, वरचं गवत आता चार पावलं आणखी खाली आलंय. आता मला चढायलाही नको." हा हूं हूं करत अंगणात फिरायचा. नाहीतर दाराशी खेळत राहायचा. आक्काचं मागचं दार तीन वर्षांपासून अडकत होतं. पहिल्या वर्षी ह्यानंच रंधा मारून दिलं. पुढल्या वर्षी पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा. तिसऱ्या वेळी म्हणाला, "आक्का, लाकूड फुगतंय की चौकट वाकतेय?"

"तुझं डोकं फुगलंय. मार रंधा आणि जेवायला बस."

"बसतो," म्हणाला आणि उभ्यानंच जेवला.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा खात्यात एक नवी पोरगी आली. जमीन मोजणारी. तिपाई, दुर्बीण, फूट-पट्ट्या घेऊन दिवसभर उन्हात हिंडायची. कचेरीत तिचं नाव मोजणीवाली पडलं. तिच्याच आगेमागे वरून हुकूम आला, की ह्या वर्षापासून सगळे फोटो रंगीत. काळी-पांढरी फिल्म मागवणं बंद.

चुळबुळ्या तीन दिवस व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. मोजणीवालीनं शेवटी त्याला अडवलं. "काका, फरशी झिजेल. एवढं काय झालं?"

"काय झालं? उद्या म्हणतील, तलावाला पावडर लावा."

"मग दोन्ही काढा की. एक तुमचा, एक त्यांचा."

ते पटलं. तारखेला तो दोन कॅमेरे घेऊन खुंट्यावर गेला. आधी त्याच्या लाकडी डब्यातून काळा-पांढरा. मग नाक मुरडून, खात्याच्या नव्या छोट्या कॅमेऱ्यातून रंगीत. काळ्या-पांढऱ्याचा प्रिंट त्यानं त्याच दिवशी केला, पान धरून, नेहमीसारखा स्वच्छ. रंगीत आठवड्यानं बाजारातून आला. लिफाफा त्यानं उघडलासुद्धा नाही. मोजणीवालीच्या टेबलावर टाकला. "घे तुझी नटवी."

तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "काका, हा हिरवा पट्टा कसला?"

"कुठला?"

"हा. सुळक्याच्या खालून निघून पार घरांच्या वरपर्यंत आलाय. सगळा उतार पिवळट आहे, आणि हा गर्द. तुमच्यात तर काहीच नाही तिथं."

"ती सावली आहे, पोरी. सुळक्याची. मी काढून टाकतो."

"सावली ही काय," तिनं बोट ठेवलं, "ही निळसर. एवढीशीच आहे, सुळक्याच्या पायाशी. ऊन कुठून येतंय बघा ना, म्हणून ती डावीकडं झुकलीय. पट्टा सरळ खाली आलाय. सावलीला उतार कळतो होय?"

त्यानं फोटो उचलला. खिडकीशी नेला. पुन्हा टेबलाशी आणला. पुन्हा खिडकीशी. सावली निळसर होती आणि पट्टा हिरवा होता. त्याच्या कागदावर ते दोन्ही एकाच करड्याचे. सावलीचा करडा आणि ओल्या गवताचा करडा, त्यात केसाइतकाही फरक नाही. पंचवीस वर्षं दोघं गळ्यात गळा घालून त्याच्यापुढं उभी राहिली आणि त्यानं दोघांना मिळून एकच नाव दिलं.

"मशीनला हिरवं आवडतं," तो म्हणाला.

पण तो तसाच निघून बसनं आमच्याकडं आला. आक्काशी बोललाही नाही. घराच्या बाजूनं वर चढायला लागला. आम्ही खालून बघत होतो. पट्ट्यापाशी पोचला, आणि त्याचा बूट घोट्यापर्यंत आत गेला. पाऊस थांबून दीड महिना झाला होता. बाकीचा उतार पायाखाली कुरकुरत होता, आणि इथं चिखल. त्यानं बूट उपसून काढला, दहा पावलं खाली आला, पुन्हा टेकवला, पुन्हा आत. असा तो पायानं टोचत टोचत खाली आला. शेवटचा चिखल आक्काच्या मागच्या दारापासून साठ पावलांवर.

"काय रे, गवत मोजतोस होय?" आक्का ओरडली.

तो दाराशी आला. चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला बोट लावलं. डावीकडं फटीत बोट जात होतं, उजवीकडं नखसुद्धा जात नव्हतं. लाकूड फुगलं नव्हतं, घर ढकललं जात होतं.

"आक्का, हे घर सोड."

"आज काय पिऊन आलास?"

"वरचा कालवा गळतोय. डोंगराच्या पोटात पाणी चाललंय."

"तुझ्या पोटात चाललंय. फिरक्या मारून मारून डोकं फिरलंय तुझं. पंचवीस-सव्वीस वर्षं राहतेय मी इथं. घर बांधलं तेव्हा तू कुठं होतास? फोटो काढत होतास."

हे तिनं असंच बोलून टाकलं, पण त्याला ते लागलं. तो उलट्या पावली कचेरीत गेला.

मोठ्या साहेबांनी रंगीत फोटो बघितला, हसले. मोजणीवाली शेजारी उभी. साहेब म्हणाले, "अहो, तुम्हीच नाही का म्हणत, त्या मशीनला हिरवं जास्त आवडतं?"

"म्हणतो साहेब. पण मी जाऊन आलोय. ओल आहे."

"पावसानंतर ओल असतेच. चौदा घरं उठवायची म्हणजे पोरखेळ आहे का? कालवा बंद करायचा तर खालच्या शेतांचं काय सांगू मी?" साहेब उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला व्हरांड्यात घेऊन आले. भिंतीवर पंचवीस फ्रेमा. "हे बघा. हा तुमचा पहिला. हा दहावा. हा मागल्या वर्षीचा. कुठंय पट्टा? एवढं बारकाईचं काम ह्या खात्यात दुसऱ्या कुणाचं नाही. पंचवीस वर्षं उतार स्वच्छ आहे, हे तुमचाच हात सांगतोय. मी तुमचं ऐकू की त्या मशीनचं?"

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. त्यानं नुसती मान हलवली आणि काळ्या खोलीत जाऊन कडी घातली.

हे पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, उभं राहून, माझ्या शर्टाचं बटण फिरवत. म्हणाला, "अरे, तो माणूस माझी स्तुती करत होता. आणि त्याचा शब्द न् शब्द माझ्या बहिणीच्या घरावर माती टाकत होता. मी तोंड उघडलं असतं तर काय म्हणालो असतो? की हे फोटो बघू नका? सव्वीस वर्षांत मी दुसरं काय केलंय?"

दोन दिवस तो कचेरीत आला. व्हरांड्यातून जाताना फ्रेमांकडं बघायचं टाळायला तो भिंतीच्या कडेनं तोंड फिरवून चालायचा. शिपाई म्हणाला, "मामा, मान अवघडली का?" मोजणीवाली वर उताराला जाऊन खुंट्या ठोकून आली होती. तिनं सांगितलं, "आठ दिवस लागतील मला हललंय का ते सांगायला. खरं तर महिने लागतील. मागचं काही असतं तुलनेला, तर लगेच सांगितलं असतं. तुमच्या फोटोंत काही नाही, मी भिंगानं बघितलं."

"नसणारच," तो म्हणाला.

मग काळ्या खोलीतून डबा घेऊन आला. बिस्किटांचा, झाकणावरचा रंग उडालेला. तिच्या टेबलावरची फूट-पट्टी बाजूला सारली आणि पानं एकेक करून मांडायला लागला. पहिलं चवळीच्या दाण्याएवढं. मग वालाच्या शेंगेएवढं. मग मिरचीएवढं. शेवटचं, ह्या वर्षीचं, बुटाच्या जिभेएवढं लांब, टोकाला रुंद. अकरा पानं, अकरा वर्षं पाठीवर. मधल्या वर्षांना जुनंच पान चालून गेलेलं.

"हे काय आहे काका?"

"मी जे काढून टाकलं ते."

तिनं एक पान उचललं, रंगीत फोटोतल्या पट्ट्यावर धरलं. तोच आकार, तोच बाक. तिनं पट्टी घेतली, पानं मापायला लागली. कॅमेरा तोच, खुंटा तोच, प्रिंटचा आकार तोच. एका पानाचं एक बोट म्हणजे डोंगरावर किती, हे तिला तोंडपाठ होतं. कागदावर आकडे पडत गेले. पहिली पंधरा वर्षं पट्टा सावकाश खाली येत होता. मग भरभर. शेवटच्या तीन वर्षांत जेवढा उतरला, तेवढा आधीच्या दहा वर्षांत नाही.

"निगेटिव्ह आहेत ना?" तिनं विचारलं.

"सगळ्या. त्यांत आहे तो. निगेटिव्हला मी हात नाही लावला. हात कागदाला लावला."

दोघं साहेबांपुढं गेले. ह्या वेळी बोलायचं काम त्यानं तिच्यावर सोडलं नाही. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, व्हरांड्यातले पंचवीस फोटो उतरवा. ते खोटे आहेत. ओल मला सावली वाटली आणि मी दरवर्षी ती पुसली. जशी वाढली तसं पान मोठं केलं. ही ती पानं."

साहेबांना आधी कळलंच नाही. मोजणीवालीनं आकड्यांचा कागद पुढं सरकवला. ते वाचेपर्यंत चुळबुळ्या, हात मागं बांधून, हलला नाही. शिपाई दारात होता, त्यानं शपथेवर सांगितलं, की मामा फडक्याखाली नसतानाही स्थिर उभा राहिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

साहेब म्हणाले, "एवढी वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"बहीण सांगत होती, साहेब. दरवर्षी. गवत खाली आलं म्हणून. मी रंधा मारत होतो."

दुसऱ्या दिवशी उतारावर खड्डे खणले. कमरेएवढ्या खोलीला पाणी लागलं. वाहतं पाणी, गार, कालव्याचं. त्यानंतर मात्र साहेबांनी पोरखेळ शब्द उच्चारला नाही. कालवा बंद झाला आणि महिन्याभरात आमची ओळ रिकामी करायची नोटीस निघाली. खात्याच्या जुन्या गोदामाशेजारी पत्र्याच्या खोल्या दिल्या. उन्हात भाजायच्या आणि वाऱ्यात वाजायच्या.

ओळीनं त्याला मनापासून शिव्या घातल्या. मीही घातल्या. आमच्यातल्या एकानं तर त्याच्या सायकलीची हवा रोज सोडायचा नेम धरला. आक्का चौदाव्या घरात शेवटपर्यंत बसून राहिली. सामान टेंपोत चढलं, शेळ्या चढल्या, आणि ही उंबऱ्यावर.

"आक्का, ऊठ."

"तू बस. तू इथं पाच मिनिटं बसून दाखव, मी उठते."

तो बसला. उंबऱ्यावर, तिच्या शेजारी. गुडघा उडत होता, तो त्यानं दोन्ही हातांनी दाबून धरला. आम्ही टेंपोतून मोजत होतो. कुणी म्हणतं चार मिनिटं, कुणी म्हणतं सहा. मग आक्का उठली, मागचं दार ओढून घ्यायला गेली, आणि ते लागेना. तिनं ते तसंच उघडं टाकलं आणि टेंपोत येऊन बसली. त्याच्याशी ती पुढं पाच महिने बोलली नाही.

उन्हाळाभर डोंगर जागच्या जागी. लोक म्हणायला लागले, कुठं काय झालं? चुळबुळ्या रोज सकाळी साडेनऊला खुंट्यावर जायचा. कॅमेरा नाही, काही नाही. नुसता बघायचा. एकदा मी बरोबर गेलो. म्हटलं, "आता नाही पडत तो."

"नाही पडला तर बरंच की."

"मग तोंड का पाडलंयस?"

"नाही पडला तर तुम्हाला उगीच हलवलं. पडला तर एवढी वर्षं तुम्हाला त्याच्याखाली निजवलं. तूच सांग, काय मागू?"

असं म्हणून तो खुंट्याभोवती फेऱ्या मारत राहिला.

पावसाच्या दुसऱ्या महिन्यात, दुपारी, दगडांचा ट्रक उलटा करावा तसा आवाज आला. आम्ही पत्र्याखालून धावलो. उताराचा तो पट्टा, बरोबर तेवढाच, पानाच्या आकाराचा, खाली सरकून आला होता. शेवटची तीन घरं मागून आत गेली. आक्काचं स्वयंपाकघर छपरापर्यंत मातीनं भरलं. माणूस कुणी नाही. लंगडी शेळी तेवढी गेली. तिला पत्र्यांजवळचं गवत पसंत नव्हतं, ती रोज दोरी तोडून जुन्या जागी चरायला जायची.

आक्का बोलली ती त्या दिवशी. भावाकडं बघून म्हणाली, "माझी शेळी गेली."

"हो," तो म्हणाला.

"गाभण होती."

"हो आक्का."

बस. एवढ्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

निवृत्तीला दोन महिने होते. त्यानं उरलेली काळ्या-पांढऱ्या पेपरची पाकिटं काढली आणि सगळ्या निगेटिव्ह पुन्हा छापायला घेतल्या, पान न धरता. सोपं काम, उजेड लावायचा आणि मोजायचं. पण हात ऐकेना. उजेड लागला की उजवा हात आपोआप वर जायचा, उताराच्या त्या जागेवर जाऊन थरथरायला लागायचा. पहिले चार कागद वाया गेले. मग तो उजवा हात कमरेच्या पट्ट्यात खोचून डाव्यानं काम करायला लागला. मोजणीवाली एकदा आत डोकावली, म्हणाली, "काका, हाताला काय झालं?"

"शिक्षा दिलीय."

त्या वर्षीचा डोंगरही त्यानं काढला, दोन्हींत. साहेबांनी विचारलं, ह्यातला कुठला लावू? रंगीतात उतारावर तांबडी भेग उभी फाटलेली, बघवत नव्हती. काळ्या-पांढऱ्यात ती नुसती फिकट, वाटेसारखी, कुणीतरी फिरायला जावं अशी. "ह्या वर्षी नटवी लावा," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी कुठली लावायची ते पुढल्या वर्षीच्या माणसानं दोन्ही बघून ठरवावं. एकीवर विसंबू नये."

निरोपाच्या दिवशी व्हरांड्यात नव्या फ्रेमा होत्या. पाहुण्यांना त्या तितक्याशा आवडल्या नाहीत. पूर्वीचे किती स्वच्छ होते, असं कुणीतरी म्हणालंच. आम्ही ओळीतले सगळे गेलो होतो. आक्का पदर खोचून पहिल्या फ्रेमेपासून निघाली. पहिल्यात एक ठिपका. पुढं ओघळ. मग पट्टा. दरवर्षी थोडा खाली, थोडा जाड. आणि खाली कोपऱ्यात शेवटचं घर, दरवर्षी तिथंच, दोरीवर काहीतरी वाळत घातलेलं.

सव्विसाव्याशी, डोंगर सरकण्याआधीच्या शेवटच्या फोटोशी, ती थांबली. काचेवर बोट टेकवलं. "हे माझं?"

"हो."

"आणि हे असं माझ्याकडं येत होतं."

"हो."

"आणि तू पुसत होतास."

"हो आक्का."

तिनं बोट तसंच पट्ट्यावरून खाली ओढत घराच्या छपरापर्यंत आणलं. "लंगडीपण दिसतेय बघ," ती म्हणाली. खरंच दिसत होती, छपराच्या मागं, मुंगीएवढी. मग ती हात झटकून चहाच्या टेबलाकडं गेली.

काचेवर तिच्या बोटाचा तेलकट ओघळ राहिला, वरपासून खालपर्यंत. चुळबुळ्याचा उजवा हात रुमालासकट वर गेला. काचेपाशी पोचला, थरथरला. मग त्यानं तो हात खाली घेतला आणि कमरेच्या पट्ट्यात खोचला.